ब्लॉकची भेग आणि पावडरचा डबा

माझं कोणाशी वैर नाही. फक्त साडूचं काही चांगलं झालं की मला पित्त होतं. (आणि मेल्याचं सगळं चांगलंच होतं.)

सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि घरात त्याचा मानही माझ्यापेक्षा मोठा. तर तो एकाएकी पाणी प्यायला लागला. रेडिएटर भरला की पाणी गायब, आणि इंजिनचं ऑइल दुधाळ चहासारखं! सासऱ्यांनी जाहीर केलं, "याचं दुखणं जो शोधेल, त्याचा ट्रॅक्टर."

साडूचं पंपदुरुस्तीचं दुकान. त्याने लगेच इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं आणि म्हणाला, "खालचं गॅस्केट गेलंय, पाणी तिथूनच ऑइलमध्ये झिरपतंय."

"भावोजींना कसं पटकन कळतं!" इति आमची बायको.

झालं! माझं पित्त खवळलं. "इंजिनच्या ब्लॉकलाच भेग आहे," मी ठोकून दिलं.

"कुठे?" साडू हसला.

"दाखवतो ना!"

भेग शोधायला पावडर लावतात, एवढं ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. (आधी काय लावतात ते सांगताना मला नेमकी शिंक आली.) मी बायकोचा पावडरचा डबा शेडमध्ये पळवला आणि पफने ब्लॉक पांढराफटक केला. आणि काय सांगू! या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक, काळी, वेडीवाकडी रेघ!

"सापडली!" मी बोंब ठोकली. सगळे धावत आले. साडूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

सासऱ्यांनी चष्मा लावला, वाकले, आणि दोन बोटांनी भेग उचलली.

"जावईबापू, हा केस आहे."

"माझा!" बायको किंचाळली. "आणि डबाही माझाच!"

साडू पोट धरून हसत होता. लहानपणापासून वडिलांना पाने-पकडी देत आलेल्या बायकोने पदर खोचला, ब्लॉक पुसला, रॉकेल फासलं, परत कोरडा केला आणि वर उरलीसुरली पावडर भुरभुरली. थोड्या वेळाने दोन सिलिंडरच्या मधोमध एक ओली रेघ वर आली.

"भेगेत मुरलेलं रॉकेल पावडर ओढून घेते," ती म्हणाली. "गॅस्केट चांगलं आहे हो, भावोजी."

साडूचं हसू बंद. भेग आहे हे मीच आधी म्हणालो होतो, पण ते आता कोणाच्या लक्षात राहणार?

ट्रॅक्टर बायकोचा झाला. भेग पुढे पळू नये म्हणून तिने दोन्ही टोकांना भोकं पाडली, मधे ओळीने स्क्रूसारखे आटे असलेल्या पिना बसवल्या, घासून सपाट केल्या. आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, ट्रॅक्टरशी मात्र "झालं हं, एवढंच!" असं चाललेलं. साडूवरचा माझा राग केव्हाच उतरला होता. आता तो ट्रॅक्टरवर होता.

शेवटी इंजिन सुरू झालं. स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला, मूठ कानाला लावून ती डोळे मिटून ऐकत होती. गालातल्या गालात हसत! माझं ऐकताना ती अशी कधी हसली नाही. मला राहवेना. मी मुद्दाम खोकलो. मग जरा मोठ्याने खोकलो.

तिने दचकून इंजिन बंद केलं.

"अहो, तुम्ही होय!" ती म्हणाली. "मला वाटलं, काही महत्त्वाचं बिघडलं."