माझी न झालेली कावीळ

गोळीला हात न लावता कोलेस्टेरॉल उतरवून दाखवतो, असं मी कंपनीच्या डॉक्टरांना तोंडावर सांगून आलो होतो! सणसवाडीच्या कारखान्यात मी सहा वर्षं टेंपररी. एकदाचं पर्मनंटच्या यादीत नाव लागलं, तर मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी आणि लिव्हरला सूज!

"महिनाभराने पुन्हा रक्त तपासू," डॉक्टर म्हणाले. "नीट निघालं तर पत्र. नाहीतर पुढच्या वर्षी."

वडगाव रासाईच्या आमच्या घरात औषधाचं खातं आईकडे. मेंढरांमागे उभी हयात गेल्याने तिला झाडपाल्याची जाण दांडगी.

"लिव्हरला भुईआवळा, आन् त्या कोलेस्टरला अर्जुनाची साल," तिने निकाल दिला. "तेल बंद, मटण बंद."

"मटण बी?"

"पर्मनंट व्हायचंय का न्हाई?"

व्हायचं होतं. मटण सोडलं.

आता, भुईआवळा उपटायचा तो पहाटे आणि मुक्याने. वाटेत कुणाशी बोललं की औषधाचा गुण जातो, असं आमच्याकडे मानतात. आई पाटाच्या कडेची मूठभर झाडं घेऊन परतत होती, तर समोरून आल्या शेजारच्या झुंबरबाई.

"अगं, भुईआवळा? कावीळ कुणाला झाली?"

आई गप्प.

"तुझ्या बिरदेवाला का?"

आई गप्पच.

"डोळं पिवळं झाल्यात? लई वाढलीय?"

आईने हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. तेवढं पुरलं. मी चूळ भरून अंगणात येईपर्यंत गावाने मला काविळीने अंथरुणाला खिळवलं होतं!

आणि कावीळ म्हटली की उसाचा रस. पहिली किटली पोपटरावमामांची. त्यांचं घरचं गुऱ्हाळ.

"मामा, कावीळ न्हाई. कोलेस्टेरॉल हाय."

"त्येच ते! इंग्रजीत काय बी म्हणू दे. पी."

ग्लास रिकामा होईपर्यंत मामा समोरून हलत नसत. सकाळी मामा, दुपारी झुंबरबाई, रविवारी दौंडहून सासुरवाडीची माणसं उसाची मोळी घेऊन. नको म्हणावं, तर "तोंडाची चव गेली बिचाऱ्याची!" म्हणून आणखी ओतायचे. खरं सांगू का? बिनतेलाच्या भाजीनंतर तो रस मला गोडच लागायचा. पुढे पुढे मी नको म्हणायचंही सोडून दिलं.

तपासणीला उपाशीपोटी जायचं होतं. एसटीच्या थांब्यावर बघतो, तर मामा किटली घेऊन उभे!

"मामा, आज उपाशी जायाचंय!"

"आरं, उपाशीपोटीच तर गुण येतो!"

ड्रायव्हर हॉर्न मारतोय, खिडक्यांतून अर्धं गाव बघतंय. दोन ग्लास घशाखाली उतरवले आणि एसटीत चढलो.

"उपाशी आहात ना?" रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

यादी त्याच दिवशी बंद होणार होती. "हो," म्हणालो.

दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "कोलेस्टेरॉल एकशे नव्वद! लिव्हर उत्तम! पाल्याचा गुण म्हणा, नाहीतर मटण सोडल्याचा, पण करून दाखवलंत!"

माझी छाती फुगली. डॉक्टरांनी सहीसाठी पेन उघडलं, पान उलटलं आणि पेन बंद केलं.

"उपाशीपोटी साखर दोनशे साठ?"

"साहेब... उपाशी नव्हतो. उसाचा रस प्यालो होतो."

"किती?"

"आज दोनच ग्लास."

"आणि रोज?"

मी बोटांवर ग्लास मोजायला लागलो.

"आधी साखर उतरवा," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

दारातच प्रतिभाने विचारलं, "मिळालं का वो पत्र?" बायकोच्या तोंडाकडे बघवेना. इतकी लाज मला दहावी नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

गावाला मी फक्त कोलेस्टेरॉल उतरल्याचं सांगितलंय. साखरेचं तुम्हीही कुठे बोलू नका. झुंबरबाईंच्या कुंपणावर सध्या कारली नुसती लगडलीत!