आपोआप जाणारा रिपोर्ट

वडशाच्या आमच्या राईस मिलचा रिपोर्ट रोज संध्याकाळी सहाला आपोआप नागपूरला मालकांकडे जातो. आणि तो आपोआप जावा म्हणून खुशालभाऊ रोज सहापर्यंत कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसतात.

खुशालभाऊ आमचे हिशेबनीस. पूर्वी धानाची आवक, तांदूळ, कनकी, कोंडा असे आकडे हाताने भरायचे आणि पाचला सायकल काढायचे. बायको वारली त्या वर्षी मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रोग्रॅम लिहायला शिकले. काम वाचलं, माणूस अडकला. मी एकदा विचारलं, "भाऊ, आपोआप जाते ना? मग घरी काऊन नाई जात?"

"जाते ना आपोआप. पन जाऊन राह्यला का नाई, हे पाहाले मानूस पाह्यजे!"

वर ऐट केवढी! टपरीवरचा चहा उशिरा आला तरी टोमणा तयार: "तुमचं ऑटोमॅटिक नाई न, म्हनून."

हिवाळ्यात शेजारच्या गावात रात्रभर झाडीपट्टीचं नाटक झालं. दुसऱ्या दिवशी धानाची एकही गाडी आली नाही. आवक शून्य दिसताच प्रोग्रॅमने कारण मागितलं आणि भाऊंनी ठोकून दिलं: 'नाटक होतं. गाव झोपून हाय.' रिपोर्टात ते वाचून मालक भडकले. रिपोर्ट यापुढे नागपूरच्या कॉम्प्युटरवरून जाईल आणि ऑफिसला पाचला कुलूप लागेल, असा हुकूम सुटला. "नाई जमनार," भाऊ एवढंच म्हणत राहिले. उतरली मिजास, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

प्रोग्रॅम न्यायला नागपूरहून इंजिनियर मॅडम आल्या. वाचता वाचता थबकल्या. "आकडे तयार असतात, तरी रिपोर्ट इथं अडवलाय. स्क्रीनवर प्रश्न येतो, 'चहा मांडू का जी?' 'मांड' असं लिहिल्याशिवाय रिपोर्ट जातच नाही. हे कशाला?"

मी खो-खो हसलो. भाऊ हसले नाहीत.

"रिपोर्टाले नाई लागत ते," ते खाली पाहत म्हणाले. "आमची मंडळी विचारे, सहाले घरी पोचलो की. आता कोनी विचारत नाई, मॅडम."

माझी मलाच लाज वाटली. मॅडमनी हळू आवाजात "सॉरी काका" म्हटलं, पण ती ओळ त्यांना काढावीच लागली.

पाचला कुलूप लागलं. भाऊ फाटकाशी सायकल धरून उभेच.

"चला जी भाऊ, सोबत जाऊ," मी म्हटलं.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "सहा तर वाजू दे."