रुतलं कोण?

सार्जंट सेलॉर्म झोकोटोचा ट्रक व्होल्टा सरोवराच्या काठी रुतला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ट्रकमध्ये बेटावरच्या पोरांसाठी लसींच्या चार पेट्या होत्या आणि पेट्यांमधला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता. तिन्ही दलांच्या नव्या संयुक्त कमांडची ही पहिलीच कामगिरी. भूदलानं पेट्या काठावर आणायच्या, नौदलानं बेटावर न्यायच्या, हवाई दलानं वरून लक्ष ठेवायचं.

नौदलाच्या लेफ्टनंट लामले बाई बोट घेऊन वाट बघत होत्या. भूदलाला पाण्यापर्यंतसुद्धा पोचता येत नाही, हे पाहून झालेला आनंद त्यांना लपवता येईना.

"दोर फेका, सार्जंट. नौदल असताना काळजी कसली?"

ट्रक ओढायला बोट काठाशी आली, इंजिनानं जोर लावला. ट्रक तसूभर हलला नाही. बोट मात्र गाळात बसली.

वरून फ्लाइट लेफ्टनंट इस्साहाकू हे पाहत होता. दोन्ही दलांची एकदम फजिती! अशी संधी तो कसली सोडतोय? मदतीला म्हणून त्यानं हिरवळीवर हेलिकॉप्टर उतरवलं. ती हिरवळ नव्हती, दलदल होती.

मग तिघांनी आपापल्या मुख्यालयाला एकच निरोप धाडला: बाकीची दोन दलं अडकलीत, आम्ही मदत करतोय. तसं पाहिलं तर खोटं कुणीच बोललं नव्हतं.

पण बर्फ वितळत होता. सेलॉर्मनं बूट काढले, पहिली पेटी डोक्यावर घेतली आणि तो कंबरभर पाण्यातून बोटीकडे निघाला. लामले बाईही उतरल्या, पाठोपाठ इस्साहाकू. बघता बघता तिन्ही दलांच्या माणसांची रांग लागली. पेट्या बोटीत चढल्या आणि सगळ्यांनी कोळ्यांचं गाणं म्हणत बोटीला खांदा लावला. ती सुटली, तेव्हा चिखलानं माखलेल्या त्या माणसांत कोण कुठल्या दलाचा हे जन्मदात्या आईलाही सांगता आलं नसतं. इतक्या चांगल्या माणसांना आपण वीस वर्षं उगाच नावं ठेवत आलो, असं सेलॉर्मला वाटून गेलं.

बर्फ शिल्लक असतानाच लसी पोचल्या. परतल्यावर ट्रकही सगळ्यांनी मिळून ओढून काढला.

संध्याकाळी संयुक्त कमांडचे प्रमुख ब्रिगेडियर ओफोसूंनी तिघांना बोलावलं. टेबलावर तीन निरोप शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"तुम्ही तिघांनीही बाकीच्या दोघांना वाचवलंत म्हणे," ते म्हणाले. "मग रुतलं कोण?"

सेलॉर्म एक पाऊल पुढे आला.

"सर, पहिलं भूदल रुतलं."

"पहिलं असेल सर," लामले बाई म्हणाल्या, "पण जास्त खोल आम्ही रुतलो."

इस्साहाकूनं मान ताठ केली.

"सर, या दोघांचं निघालं तरी. आमचं हेलिकॉप्टर अजून तिथंच आहे."