एक जड, दोन हलके

बळीराम खिल्लारेंचा भोंगा लग्नाला लावला की नाचणारे एकमेकांच्या पायांवर पाय देणार, हे आमच्या शिरड शहापुरात ठरलेलं होतं.

दोष भोंग्याचा नव्हता, एका रेकॉर्डचा होता. ती त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. वेष्टनावर काळ्या कोटातला साहेब आणि घोळदार झग्यातली मडम गिरक्या घेतायत, मागे हॉटेलातले रंगीत दिवे. आतला मामलाही तसाच. आधी फिडलं राजवाड्यात असल्यासारखी डुलणार, मग मध्येच गिटार उचक्या देणार, ड्रम धडाधड सुरू होणार. बरं, एवढा दंगा करून ठेका मात्र साहेबाच्या गिरकीचाच, तिनाचा. आमच्या पोरांचे पाय चारावर वाढलेले. दुसऱ्याच फेरीत निम्मी वरात अडखळायची.

"एक जड, दोन हलके," बळीरामभाऊ तळहातावर ठोकून समजावत. "सोपं तर हाय, गुर्जी. गावाचे कानच अजून कच्चे हायेत."

गुरुजी म्हणजे मी. शाळेत शिकवायचो आणि दुर्दैवानं त्यांच्या समोर राहायचो. मशीन तपासायच्या निमित्तानं रोज सकाळी तीच रेकॉर्ड. एकदा त्याच ठेक्यात वस्तरा ओढला गेला आणि गाल कापला. भांडायला गेलो तर म्हणाले, "बराबर हाय. तुमचा पयलाच हात हलका पडला."

मशीनच्या सुईला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खुद्द पाटलांचा हात त्यांनी झटकला होता. माणूस बघून बोलायची पद्धतच नाही.

त्यांची बायको कौसावहिनी एका पायानं अधू. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी कुणाच्या तरी हळदीत बायांनी त्यांना ओढून नाचवलं, आणि ठेका चुकला म्हणून पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून त्या कुठल्या मांडवात गेल्या नाहीत. बळीरामभाऊ गावभर लग्नं वाजवायचे आणि जेवणाचा डबा बांधून घरी न्यायचे.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न निघालं.

"भाऊ, हात जोडतो," मी म्हणालो. "हळदीला ती रेकॉर्ड आणू नका."

"काहून?"

"परभणीचे पाहुणे येऊन राहिलेत. हसतील."

"हसू द्या. एक खेप लावू द्या, गुर्जी. एकच खेप."

मी साफ नाही म्हणालो. आणलीच त्यांनी.

शकूही कमी हट्टी नव्हती. 'तुमी आल्याबिगर हळद लावून घ्यायची न्हाई' म्हणून स्वतः जाऊन कौसावहिनींना घेऊन आली. त्या मांडवाच्या कोपऱ्यात, पाय लुगड्याखाली दडवून बसल्या. बाया नाचत होत्या. तेवढ्यात फिडलं सुरू झाली, गिटारीनं उचकी दिली आणि सगळ्याजणी अडखळून थांबल्या. पाहुण्यांत खसखस पिकली. माझं डोकं फिरलं. रेकॉर्ड उचलून विहिरीत टाकायची म्हणून मी तरातरा मशीनकडे निघालो.

शकूनं हळदीच्या हातांनी कौसावहिनींना ओढलं. "न्हाई बाई, मला न्हाई जमत," म्हणत त्या उठल्या, दोन-चार पावलं चालल्या आणि मी जागीच थांबलो. चांगला पाय दणकन टेकायचा. मग अधू पाय अलगद, आणि तो सावरायला त्याच पायाचं आणखी एक हलकं पाऊल. त्या चालतच होत्या, रोज आमच्या दारावरून जायच्या तशा. पण ठेका बिनचूक पडत होता. आपलं चुकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी मान वर केली आणि गिरकी घेतली. पाहुण्या बाया त्यांच्या पायांकडे बघून पाऊल टाकायला लागल्या.

इतकी वर्षं हा माणूस गावाला छळत होता तो यासाठी. रेकॉर्ड संपली.

"परत लावा, भाऊ," मी म्हणालो.

ते मशीनवर वाकलेले होते. फडक्यानं तोंड पुसत त्यांनी मला जवळ बोलावलं.

"गुर्जी, सुई तुमी ठेवा. मला दिसून न्हाई राहिलं."