माकडांसाठी मल्टिशॉट

ज्याला माहीत होतं, त्याने वेळेवर सांगितलं नाही. मी नाव घेत नाही. पण एका सुशिक्षित, अहिंसावादी तरुणाला पनवेलच्या भर बाजारात दहा छर्ऱ्यांची एअर रायफल घेऊ दिली, हा गुन्हा कोणाचा तरी आहेच.

झालं असं. विचुंब्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आईचं वाळवण असतं. निवृत्त झाल्यापासून ती कुरडया-सांडगे करून विकते आणि यंदा तिला पहिल्यांदाच मोठी ऑर्डर मिळाली होती. नेमकी तेव्हाच माकडांनी गच्ची शोधून काढली. सेक्रेटरी चारुदत्तकाकांनी सभेत जाहीर केलं, "रविवारपर्यंत माकडं गेली नाहीत, तर गच्चीला कुलूप."

मी उभा राहिलो. (मी सभेत नेहमीच उभा राहतो.) म्हणालो, "माकडं इथली मूळ रहिवासी आहेत. आपण त्यांचा डोंगर खाल्ला, त्यांनी आपली कुरडई खाल्ली. एकालाही इजा न करता मी प्रश्न सोडवतो. फक्त आवाजाने."

"मग फटाके लाव," काका म्हणाले.

"प्रदूषण," मी म्हणालो.

म्हणून एअर रायफल. माझ्या बायकोने, रुचिराने, बजेट दिलं : पाच हजार, वर एक रुपया नाही.

दुकानदाराने दोन बंदुका काढल्या. "हिच्यात एकच छर्रा बसतो. तीन हजार. ही मल्टिशॉट, दहा छर्ऱ्यांचं मॅगझिन. साडेसात."

"माकडं वीस आहेत. मल्टिशॉटच द्या."

"छर्रे कुठले देऊ?"

"छर्रे नकोत. माझा तत्त्वतः विरोध आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. "साहेब, छर्रेच नसतील तर मल्टिशॉटचा..."

"तुम्ही लोक ग्राहकाच्या मूल्यांचा विचारच करत नाही," मी म्हणालो आणि त्याला दहा मिनिटं मूल्यं समजावली. शेवटी त्याने थकून शोकेसमधला एक जुना पीस काढला. "ही पाचात देतो. मल्टिशॉटच आहे, पण डावीकडे मारते."

"मला कोणालाच मारायचं नाही. डावं-उजवं सारखंच."

घरी रुचिराने खोक्यातला कागद वाचला. "स्वानंद, इथे लिहिलंय की दर बाराआधी नळी खाली वाकवून हवा दाबावीच लागते. मॅगझिन फक्त पुढचा छर्रा आपोआप बसवतं. तू तर छर्रे आणलेच नाहीस. मग दोन हजार जास्त देऊन घेतलंस काय?"

"तत्त्व," मी म्हणालो.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. "नवी वस्तू आहे. पूजेशिवाय वापरायची नाही." बंदूक भिंतीला टेकवून पाटावर उभी केली, तोंड वर. गाडीला हळदकुंकू दर्शनी भागावर लावतात म्हणून हिलाही नळीच्या टोकाला लावलं. आईचा हात सढळ आहे. वर अक्षता टाकायच्या त्या वरूनच टाकतात, त्याप्रमाणे तिने दोन मुठी टाकल्या. (मी त्या वेळी मोबाइलवर माकडांच्या हक्कांबद्दल पोस्ट लिहीत होतो.) नैवेद्याचा पेढा माझ्या खिशात घालून म्हणाली, "काम झाल्यावर खा."

रविवारी सकाळी गच्ची. चारुदत्तकाका जवळच्या आपटा गावी लग्नाला निघाले होते, तरी पांढऱ्या झब्ब्यात खात्री करायला आले आणि कुरडयांजवळ उभे राहिले. माझ्या डावीकडे. मी नेम आकाशावर धरला. बंदुकीने तिच्या स्वभावाप्रमाणे डावीकडे मारलं.

काका कपाळापासून पोटापर्यंत लाल झाले. केसांत अक्षता. नवरदेवच.

"लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने तपासलं. "कुंकू आहे."

आवाजाने माकडं पाण्याच्या टाकीवर चढली होती. त्यातली एक म्हातारी खाली आली, तिने तांदूळ उचलला, खाल्ला आणि बाकीच्यांकडे पाहिलं. मी घाबरून दुसरा बार काढला. नळीत अडकलेल्या उरलेल्या अक्षता पडल्या. आता वीसही माकडांना अन्न कुठून येतं ते समजलं. एकाने माझ्या खिशात हात घालून पेढा घेतला. मी सात मजले धावत उतरलो, हातात बंदूक, मागे माकडं, ती थेट गेटपर्यंत.

काका सावकाश लिफ्टने आले, तसेच लाल. त्यांनी आईला विचारलं, "कुरडई किती गेली?"

"एकही नाही."

"मग ठरलं. गच्ची उघडी. हा रोज सकाळी नऊला गेटबाहेर तांदूळ भरून बार काढणार. वाळवणाचा मोसम संपेपर्यंत."

आईची ऑर्डर पोचली, दुसरीही आली. माझ्या अहिंसक प्रतिकाराचा आज महिना झाला. काल जरा डोळा लागला आणि सव्वानऊला इंटरकॉम वाजला. आपट्याचा काशीराम, आमचा वॉचमन.

"दादा, मंडळी कवाची येऊन बसलीत. तुमी नाय आलात तरी त्यांचं काय म्हणणं नाय. बंदूक तेवढी खाली पाठवा."