समुदाय ऊसतोडीला गेला असताना

समुदायाचा विकास समुदायानेच करावा, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झाले आहे. त्याला विरोध करणारा माणूस निदान घनसावंगी तालुक्यात तरी कुणी पाहिलेला नाही. मात्र त्यासाठी समुदाय जागेवर असावा लागतो, ही अट आराखड्यात लिहायची राहून जाते.

कोळगव्हाणात १९९८च्या जानेवारीत तसेच झाले. परदेशातल्या एका विद्यापीठाचे बारा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक ‘लोकांच्या पुढाकारातून विकास’ हा विषय प्रत्यक्ष पाहून शिकायला तीन आठवड्यांसाठी तिथे येणार होते. गाव निवडले होते जालन्याच्या एका संस्थेचे समन्वयक धर्मराज यांनी. धर्मराज भला माणूस. जुन्या जालन्यातले वडिलांचे कापडाचे दुकान सोडून तो समाजकार्य शिकला होता. त्याने श्रावणात गाव पाहिले तेव्हा पारावर बसायला जागा नव्हती. मागासलेपण बेताचे, लोक बोलके, जीप दारापर्यंत जाते. सगळे बराबर जुळत होते. श्रावणात भरलेले हे गाव दिवाळी झाली की कुलपे लावून ऊस तोडायला जाते, हे त्याला कुणी सांगितले नाही. (त्याने विचारलेही नव्हते. प्रश्नावलीत तो रकाना नव्हता.)

जानेवारीत गावात छत्तीस माणसे होती. पैकी चौतीस म्हातारी, एक शाळामास्तर आणि एक पोस्टमन. पोस्टमन शेजारच्या गावचा होता.

धर्मराज घाबरला, पण खचला नाही. जीप घेऊन तो थेट अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे गेला. तिथल्या उसाच्या फडावर कारभारी नावाचा मुकादम गाठून त्याने तीन आठवड्यांपुरती वीस माणसे परत मागितली. स्त्रिया निम्म्या असाव्यात, अशी विनंतीही केली. कारभारीने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, ऊस उभा आहे, समुदाय पावसाळ्यात न्या.

म्हणून मग समुदाय होण्याची जबाबदारी सगुणाबाईवर आली.

सगुणाबाईने तीस वर्षे उसाच्या मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत चढवल्या. मग गुडघे गेले. गेली दोन वर्षे मुलगा भुजंग आणि सून उषाबाई तिला मागे ठेवून जात. नातवंडांना मात्र नेत. सगुणाबाईचे घर एका खणाचे, त्याचे निम्मे पत्रे वावटळीने नेलेले. थंडीत तीन लेकरे झोपवायची कुठे? थोरली नात आशामती तिसरीत होती आणि मास्तर नसले तरी फळ्यावर गणिते सोडवत बसायची. आता ती फडावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, धाकट्या भावाला झोका देत होती. या एका गोष्टीने सगुणाबाईचा घास घशाखाली उतरत नसे. पण ही गरज कोणत्याही रकान्यात बसत नसल्यामुळे तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

विद्यार्थी आले. गोरीगोमटी, नम्र, सारखी पाणी पिणारी मुले. चौतीस म्हाताऱ्यांनी तीन आठवडे मनापासून समुदायाचे काम केले. रांगोळीने गावाचा नकाशा काढला (चार वेळा; प्रत्येक गटाला स्वतःचा हवा होता). गावाचा इतिहास सांगितला. सकाळ, दुपार, संध्याकाळ आपण काय करतो, हेही सांगितले. तिन्ही वेळा बसतो, असे उत्तर आले.

शेवटच्या आठवड्यात गरजांचा अग्रक्रम ठरवायचा होता. जमिनीवर चार रिंगणे आखली: पाणी, आरोग्य, रस्ता, प्रशिक्षण. प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके. जी गरज मोठी, तिथे जास्त टाकायचे. सगुणाबाई पुढे झाली आणि तिने दहाही चिंचोके रिंगणांच्या बाहेर ठेवले. तिच्यामागून द्वारकाबाईने, मग मालनबाईने, मग सगळ्यांनीच तिथे ढीग केला.

इंग्रिड नावाच्या विद्यार्थिनीने हे कशाचे, असे विचारले. धर्मराजने प्रश्न मराठीत केला.

“लेकरांचे,” सगुणाबाई म्हणाली. “लेकरं गावात राह्यली पाह्यजेत. त्यांना निजायला एक धड छप्पर द्या. रांधून आम्ही घालू. बाकी काही न्हाई मागत.”

धर्मराजने भाषांतर केले. ते थोडक्यात असे होते: तरुण पिढीच्या निवासाची सोय ही समुदायाची पहिली गरज आहे, आणि भोजनाची जबाबदारी समुदाय स्वतः घेत आहे.

प्राध्यापकांचे डोळे पाणावले. त्यांनी आपल्या तरुण पिढीकडे पाहिले. ती तीन आठवडे शाळेच्या फरशीवर झोपत होती.

पुढच्या दिवाळीच्या आत कोळगव्हाणात ‘लोकसहभाग अभ्यास केंद्र’ उभे राहिले. दोन दालने, स्वयंपाकघर, गच्चीवर पाण्याची टाकी, वीस गाद्या. पावसाळ्यात गावाने श्रमदान केले, कारण तेव्हा गाव गावात होते. उद्घाटनाला किल्ली कुणातरी स्थानिक व्यक्तीच्या हाती द्यावी लागते, फोटोत ते बरे दिसते, म्हणून सगुणाबाईला देखभाल समितीचे अध्यक्ष करण्यात आले. समितीत दुसरे कुणी नव्हते.

दिवाळी झाली. माणसे न्यायला ट्रॅक्टर आला तसा सगुणाबाई गुडघा धरत वेशीपर्यंत गेली आणि लेकरं खाली उतरवा म्हणाली. तिने केंद्र उघडून ठेवले होते. भुजंग चाचरला. संस्थेची माणसे काय म्हणतील, असे त्याने विचारले.

“आपण मागितलं तेच त्यांनी दिलं,” ती म्हणाली. “मी कुठं वेगळं करून राह्यले?”

उषाबाईने आशामतीला उतरवले, मग धाकट्यांना. मग बाकीच्या बायांनी. एकवीस लेकरे उतरली. प्रत्येक घराने ज्वारीचे पोते ठेवले. द्वारकाबाई आणि मालनबाई भाकरी थापत, सगुणाबाई लेकरे मोजत असे. नोव्हेंबरात शाळेचे हजेरीपत्रक भरलेले पाहून मास्तरांना आधी ते दुसऱ्या गावचे वाटले.

जानेवारीत दोन जीप आल्या. या वर्षी चौदा विद्यार्थी होते. धर्मराजने दार लोटले तर गाद्यांवर लेकरे पाढे म्हणत होती.

त्याने समजावून पाहिले. हे केंद्र समुदायाच्या अभ्यासासाठी आहे, मावशी, समुदायाने त्यात राहायचे नसते. निदान तीन आठवडे तरी लेकरांना फडावर पाठवता येईल का, असेही त्याने खाली बघत विचारले. सगुणाबाई उंबऱ्यात बसून होती. ती उठली नाही.

“भाऊ, मागल्या साली तुम्ही समुदाय हुडकत अंकुशनगरला गेल्ते,” ती म्हणाली. “आता घरात सापडला, तर बाहेर काढून राह्यलेत.”

धर्मराजला हे कळले. कळले म्हणूनच त्याने त्याचे भाषांतर केले नाही.

प्राध्यापकांनी मग नियम पाहिले. समुदायाच्या निर्णयात ढवळाढवळ करणे अभ्यासक्रमाला मंजूर नव्हते. विनागादीचे झोपणेही मंजूर नव्हते. दोन्ही नियम पाळून जीप दुसऱ्या तालुक्यात गेल्या. महिन्याने संस्थेचे पत्र आले: ‘समुदायाने प्रकल्पाचा परस्पर ताबा घेतल्याने सदर गाव लोकांच्या पुढाकाराच्या अभ्यासास अनुकूल राहिलेले नाही. सबब यादीतून वगळण्यात येत आहे.’ पत्र धर्मराजने स्वतः आणून दिले. सोबत टेम्पो होता. गाद्या यादीप्रमाणे मोजून परत नेल्या. एक कमी भरली, तेव्हा त्याने वीसच लिहून सही केली आणि सगुणाबाईकडे न बघता टेम्पोत बसला.

लेकरे गोधड्यांवर झोपू लागली. आशामती चौथी पास झाली. वर्गात पहिली आली. दुसरी कोण आली, हे पहिल्यांदाच विचारता आले, कारण वर्ग होता.

इकडे संस्थेचा अंतिम अहवाल निघाला. त्यात कोळगव्हाणचा प्रकल्प यशस्वी ठरला आहे. प्रत्यक्ष लाभार्थी बारा, म्हणजे पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अप्रत्यक्ष लाभार्थी नऊ हजार चारशे. इतकी माणसे त्या गावात कधीच नव्हती. पण तळटीप खुलासा करते की, कोळगव्हाणविषयी वाचून ज्यांना घरबसल्या बरे वाटेल, असे सर्व जण यात धरले आहेत.

आत्ता आशामती पास झाल्याचे वाचून आपल्याला बरे वाटले असेलच. वेगळे काही करायची गरज नाही. आपली नोंद झालेली आहे.