ग्राफीनवर बसलं काय?

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा आकडा वीसपट झाला.

प्रयोगशाळेत फिरकीताई म्हणून ओळखली जाणारी संशोधिका जागीच थिजली. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. त्यावर जड अणू चिकटवले, की आतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची धाव यांची गाठ घट्ट होते. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्या गाठीची ताकद. ती गाठ आवळून दाखवण्यात तिची सहा वर्षं गेली होती. आज सोन्याचे अणू बसवायचे होते. "आज नाही जमलं तर नाव बदलेन!" असं तिने सकाळीच ठणकावलं होतं.

"सर! वीसपट!"

तिचे मार्गदर्शक धावत आले. पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. "अगं, हे तर सोन्याहून पिवळं!"

पावणेबाराला त्यांनी परिषदेला सारांश धाडलासुद्धा. शीर्षकात सोनं दोनदा!

बारा वाजता तंत्रज्ञ काका सोन्याच्या तारेची सीलबंद पुडी घेऊन आले. "ताई, ही टेबलावरच राहिली की!"

तिने पुडी उलटीपालटी करून पाहिली. सील शाबूत. सोन्याची वाफ करायची मूस तिने रिकामीच तापवली होती!

"मग चिकटलं काय?" सर किंचाळले. "नमुना उघडा असताना जवळ कोण होतं?"

काका छताकडे बघू लागले.

"बोला ना!"

"तुम्हीच, सर. पोटाचं गुलाबी औषध पीत होतात. मध्येच शिंकलात."

"नमुन्यावर?"

"मी झाकण घेऊन धावलो हो, पण शिंक पुढे निघून गेली."

तिने बाटली हिसकावून लेबल वाचलं. बिस्मथ! त्याचा अणू सोन्याच्या अणूहूनही जड.

"म्हणजे शोध माझा?" सरांनी हळूच विचारलं.

"सर, हे पुन्हा करून दाखवता आलं नाही तर माझा प्रबंध बुडाला! आणि कृतीच्या प्रकरणात लिहू काय?"

"'योग्य अंतरावरून' असं लिहा," काका म्हणाले.

नवा नमुना उघडून ठेवला. सरांना तीन चमचे औषध पाजलं, मिरपूड हुंगवली, नाकात दोरा फिरवला. एरवी दिवसाला दहा वेळा शिंकणारा माणूस, पण नाक ढिम्म!

सव्वापाचपर्यंतची स्थिती अशी: परिषदेने सारांश स्वीकारला आहे. सरांना शिंक आलेली नाही. उचकी लागली आहे.